बँकॉकमध्ये ग्रॅब आणि बोल्ट: गाडी कधी बोलवायची, कुठे उभं राहायचं आणि कधी बोलवायचीच नाही

प्रश्न थोडक्यात असा: चौघांचं कुटुंब, त्यात साठीपुढची आई. बँकॉकमध्ये पाच दिवस मुक्काम, हॉटेल सुखुमवित रस्त्यावर. दिवसभराची गाडी ठरवावी, की ग्रॅब आणि बोल्ट या गाडी बोलवायच्या अ‍ॅपवर भागेल? आपली कार्डं तिथे चालतात का?

भागतं. शहरात फिरायला दिवसभराची गाडी ठरवू नका. तीही त्याच ट्रॅफिकमध्ये अडकते, आणि तुम्ही मंदिरात किंवा मॉलमध्ये असताना ती उभी असल्याचे पैसे तुम्हीच भरता. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी अ‍ॅपनेच जायचं असंही नाही. बहुतेक जण ‘ग्रॅब स्वस्त की बोल्ट’ याच हिशोबात अडकतात. त्यात पाच-पन्नास बाटांचा (बाट म्हणजे थायलंडचं चलन) फरक पडतो. रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहून गाडी बोलावली आणि किती वाजता बोलावली, यात मात्र अर्धा तास जातो किंवा वाचतो.

निघण्याआधी घरीच करायची कामं

ग्रॅब आणि बोल्ट दोन्ही अ‍ॅप भारतात असतानाच उतरवून घ्या आणि भारतीय नंबरावरच खातं उघडा. ओटीपी एसएमएसने येतो. बँकॉकला उतरल्यावर भारतीय सिमचं रोमिंग बंद असेल तर तो येणार नाही आणि तुम्ही विमानतळावरच अडकाल. ओळख पटवण्यासाठी अ‍ॅपने सेल्फी मागितला तर तोही घरच्या उजेडात देऊन टाका. उबर शोधू नका. दक्षिण-पूर्व आशियातला आपला धंदा उबरने २०१८ मध्ये ग्रॅबला दिला, तेव्हापासून थायलंडमध्ये उबर नाही. ओलाही नाही.

कार्डाचं कामही आधीच उरका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतीच चालू करून दिली जातात. परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार हे दोन्ही बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन वेगवेगळे चालू करावे लागतात. बरेच जण एकच चालू करतात आणि मग ‘कार्ड चालत नाही’ म्हणतात. व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. रुपे आणि यूपीआयवर विसंबू नका. कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी येतो, म्हणून हेही इथूनच करायचं. प्रत्येक फेरीवर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते. ते साधारण दोन ते साडेतीन टक्के असतं आणि त्यावर जीएसटी. कमी शुल्काचं कार्ड असेल तर तेच जोडा.

रोख रक्कम तरीही लागतेच. टोल, बोट, छोट्या फेऱ्या हे सगळं रोखीत होतं. एटीएममधून हजाराच्या नोटा हातात पडतात आणि ८० बाटांच्या फेरीला हजाराची नोट दिली की ड्रायव्हर हात वर करतो. नोट हाती आली की पहिल्याच सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याच्या बाटल्या घेऊन मोडून टाका. वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. एटीएमवर ‘रुपयांत कापू की बाटांत’ असं विचारलं तर बाट निवडा. रुपये निवडलेत तर दर त्यांचा लागतो आणि तो नेहमी महागच असतो.

इंटरनेट किमान दोन फोनवर हवं. चौघं दोन गाड्यांत विभागले गेले आणि डेटा एकाच फोनवर असेल तर दुसरी गाडी हाताने शोधावी लागते. ई-सिम घ्या, किंवा विमानतळावर पर्यटकांसाठीचं सिम घ्या. सिम नोंदवायला पासपोर्ट लागतो. विमानतळाच्या वाय-फायवर गाडी बोलवता येते, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की वाय-फाय सुटतं आणि ड्रायव्हर नेमका तेव्हाच मेसेज करतो.

आणखी एक बारीक काम. हॉटेलचा पत्ता अ‍ॅपमध्ये आधीच साठवून ठेवा, तोही सोई क्रमांक पाहून. सोई म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली गल्ली. एकाच साखळीची तीन-चार हॉटेलं सुखुमवितवर सहज सापडतात आणि नावं इतकी सारखी असतात की रात्री दमलेल्या अवस्थेत हमखास चुकीचं निवडलं जातं.

कोणतं अ‍ॅप

ग्रॅबकडे गाड्या जास्त आहेत. भाडं आधी कळतं, कार्ड बिनबोभाट चालतं आणि चॅटमध्ये तुम्ही लिहिलेलं इंग्रजी ड्रायव्हरला थाई भाषेत दिसतं. बोल्ट बहुतेक वेळा स्वस्त पडतं, पण तिथे गाडी रद्द होण्याचं प्रमाण जास्त. कारण सरळ आहे. भाडं कमी असल्यामुळे लांबून रिकामं येणं ड्रायव्हरला परवडत नाही. तो फेरी स्वीकारतो, मध्ये दुसरं चांगलं भाडं दिसलं की तुम्हाला सोडतो, किंवा जागचा न हलता तुम्हीच रद्द कराल याची वाट पाहतो. नकाशावर गाडीचं चिन्ह तीन मिनिटं एकाच जागी असेल आणि मेसेजला उत्तर नसेल, तर ती गाडी येणार नाही असं समजा. रद्द करताना पडद्यावर शुल्क दाखवत आहेत का तेवढं वाचा.

इनड्राइव्हमध्ये भाड्याची घासाघीस करावी लागते. शहरातली अंतरं आणि भाडी अंगवळणी पडलेली नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मूव्हमी हे मात्र बघण्यासारखं आहे: विजेवर चालणारी टुकटुक (तिथली रिक्षा), ठराविक भागांत, ठराविक थांब्यांवरून, इतर प्रवाशांसोबत. जुन्या शहरात दोन मंदिरांमधलं अंतर उन्हात चालायचं नसेल तेव्हा बरी पडते.

आईसोबत, बॅगांसोबत किंवा रात्री उशिरा ग्रॅबच. दुपारी दोघं-तिघं हात हलवत निघाला असाल तर दोन्ही अ‍ॅप उघडा आणि जे स्वस्त आणि जवळ असेल ते घ्या.

ग्रॅबमध्ये गाडीचे प्रकार बरेच दिसतील. जस्टग्रॅब म्हणजे जी जवळ असेल ती, खासगी गाडी किंवा टॅक्सी, पण ठरलेल्या भाड्यात. ग्रॅबकार म्हणजे खासगी गाडी. ग्रॅबटॅक्सी म्हणजे मीटरची टॅक्सी, वर बोलावण्याचं वेगळं शुल्क. ट्रॅफिकमध्ये ग्रॅबटॅक्सी घेऊ नका, कारण बँकॉकचं मीटर गाडी रखडली की मिनिटावर पैसे मोजतं. खासगी गाडीला पांढरी नंबरप्लेट असते म्हणून घाबरायचं कारण नाही. अ‍ॅपवरून खासगी गाड्या चालवायला थायलंडने २०२१ मध्ये नियम करून परवानगी दिली आहे.

चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर साधी गाडी बोलवायचीच नाही. बँकॉकच्या कितीतरी टॅक्सी गॅसवर चालतात आणि गॅसची टाकी डिकीत, मागच्या सीटला लागून असते. बाहेरून लांबलचक दिसणाऱ्या सेडानच्या डिकीत मग एक मोठी आणि एक छोटी बॅग, एवढंच मावतं. उरलेल्या मांडीवर. सहा जणांची गाडी निवडा. भाडं जास्त पडतं, पण दोन सेडानपेक्षा कमी, आणि सगळे एकत्र पोहोचता.

विमानतळावरून हॉटेलपर्यंत

सुवर्णभूमी विमानतळावर तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बाहेर पडता. तिथे ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्यांशी भाव करत बसू नका. मीटरच्या अधिकृत टॅक्सी पहिल्या मजल्यावर आहेत. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी टॅक्सी उभी असते, आणि चिठ्ठी ड्रायव्हरला न देता स्वतःकडे ठेवायची, कारण गाडी आणि ड्रायव्हर ओळखण्याचा पुरावा तोच. मीटर ३५ बाटांपासून सुरू होतं. वर विमानतळाचे ५० बाट आणि टोल तुम्ही द्यायचा. ड्रायव्हरने मीटर न लावता ‘पाचशे, सहाशे’ म्हटलं तर उतरून परत रांगेत या.

अ‍ॅपने जायचं असेल तर बॅगा पट्ट्यावरून हातात आल्यावरच बोलवा. आधी बोलावली तर गाडी येऊन थांबते, थोडी वाट पाहते आणि निघून जाते. अ‍ॅप जो मजला आणि जो दरवाजा क्रमांक दाखवेल तिथेच उभं राहायचं. ‘इथूनच उचल’ असं ड्रायव्हरला सांगून उपयोग नसतो, त्याला हवं तिथे थांबता येत नाही.

आता यातलं काय निवडायचं? दुपारी, पाऊस नसताना, अ‍ॅपवरची सहा जणांची गाडी सोयीची. पण संध्याकाळी किंवा पाऊस पडत असताना अ‍ॅपचं भाडं मागणीनुसार फुगतं, मीटरचं फुगत नाही. अशा वेळी खाली रांगेत जाऊन मोठी टॅक्सी मागा. रखडण्याचे पैसे धरूनही ती बहुधा स्वस्त पडते. एअरपोर्ट रेल लिंक सगळ्यात स्वस्त आहे, फाया थाईपर्यंत माणशी ४५ बाट आणि अर्ध्या तासाच्या आत. एकटा माणूस पाठपिशवी घेऊन आला असेल तर दुसरा विचारही करू नये. पण सुखुमवितला जायला मक्कासानला उतरून, पूल ओलांडून पेचाबुरीहून मेट्रो धरावी लागते. चार बॅगा आणि आईला घेऊन हे करू नका.

टोलचा घोळ इथेच होतो. अ‍ॅप जे भाडं दाखवतं त्यात द्रुतगती मार्गाचा टोल सहसा धरलेला नसतो. ड्रायव्हर ‘थांग दुअन?’ किंवा ‘टोलवे?’ असं विचारतो. हो म्हणालात तर सुवर्णभूमीहून शहराकडे येताना साधारण दोन नाके लागतात, २५ आणि ५० बाट. काही ड्रायव्हर नाक्यावर तुमच्याकडून रोख घेतात, काही स्वतः भरून फेरीच्या शेवटी अ‍ॅपच्या बिलात घालतात. दोन्हीपैकी एकच व्हायला हवं. रोख दिली असेल तर उतरण्याआधी बिलाचा आकडा पाहा. त्यात टोल दिसला तर तिथेच दाखवून द्या. नंतर अ‍ॅपच्या मदत विभागाशी पत्रव्यवहार करण्यापेक्षा ते सोपं. सकाळी सात ते दहा आणि दुपारी चार ते रात्री आठ या वेळात टोलला नाही म्हणू नका. रात्री अकराला खालचा रस्ताही मोकळा असतो.

पिन कुठे टाकायची

सुखुमवित हा लांबच लांब रस्ता आहे. त्याच्या उत्तरेच्या बाजूला विषम क्रमांकाच्या सोई, दक्षिणेच्या बाजूला सम. अकराच्या समोर दहा किंवा बारा असेलच असं नाही, क्रमांक दोन्ही बाजूंना आपापल्या गतीने वाढतात. मध्ये दुभाजक, वर बीटीएस या शहरी रेल्वेचा उन्नत मार्ग, आणि यू-टर्न लांब लांब अंतरावर. थायलंडमध्ये आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात. त्यामुळे सयामकडे, म्हणजे शहराच्या मध्याकडे जाणारी गाडी सम क्रमांकांच्या बाजूने धावते, आणि थोंगलोर-एक्कमईकडे जाणारी विषम क्रमांकांच्या बाजूने.

याचा उपयोग असा. हॉटेल सोई ११ मध्ये आहे आणि जायचंय सयामला. हॉटेलच्या दारात गाडी बोलावली तर ती आधी गल्लीत शिरणार, गल्लीतल्या गर्दीतून बाहेर पडणार, डावीकडे उलट्या दिशेला वळणार आणि पुढे जागा मिळेल तिथे यू-टर्न घेणार. संध्याकाळी यातच वीस मिनिटं जातात. त्यापेक्षा गल्लीच्या तोंडापर्यंत चालत या, नाना स्टेशनच्या जिन्याने रस्ता ओलांडा (तिकिटाच्या फाटकाबाहेरून पलीकडे उतरता येतं, तिकीट लागत नाही) आणि सम बाजूच्या एखाद्या हॉटेलच्या दारात पिन टाका. आई सोबत असेल आणि जिना जमणार नसेल तर मात्र हॉटेलच्या दारातूनच निघा आणि वीस मिनिटं धरून चाला. लिफ्ट काही स्टेशनांवर एकाच बाजूला असते, म्हणून चढलं म्हणजे पलीकडे उतरता येईलच असं गृहीत धरू नका.

आपोआप पडणारी पिन तशीच सोडू नका. बीटीएसच्या काँक्रीटखाली आणि उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचे सिग्नल आदळून फिरून येतात, आणि फोन तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे दाखवतो. ड्रायव्हर प्रामाणिकपणे पलीकडे येऊन थांबतो, ‘पोहोचलो’ म्हणून खूण करतो आणि तुम्ही इकडे हात हलवत राहता. दुभाजक ओलांडून तो येऊ शकत नाही. म्हणून पिन बोटाने सरकवून नेमक्या दारावर आणा, किंवा अ‍ॅप सुचवतं त्या ठरलेल्या जागांपैकी एक निवडा.

मॉलमध्ये तर ठरलेली जागाच निवडायची. सयाम पॅरागॉन, सेंट्रलवर्ल्ड, आयकॉनसयाम यांना कितीतरी दारं आहेत आणि काही वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतात. नुसतं मॉलचं नाव टाकून गाडी बोलावली की ड्रायव्हर एका रस्त्यावर आणि तुम्ही दुसऱ्या. आधी दार गाठा, दाराचं नाव किंवा क्रमांक वाचा, मग बोलवा. गाडी येईपर्यंत आत, गारव्यात थांबता येतं.

पदपथाच्या कडेचा रंगही पाहा. लाल-पांढरे पट्टे असतील तर तिथे गाडी थांबवता येत नाही. चांगला ड्रायव्हर तिथे थांबणारच नाही, पुढे निघून जाईल आणि एक फेरी मारून येईल, आणि बँकॉकमध्ये एक फेरी म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. हॉटेलचा पोर्च, पेट्रोल पंपाचं तोंड, गल्लीच्या आत वीस पावलं, या जागा चालतात.

चॅटमध्ये लहान वाक्यं लिहा. ‘सोई ८ च्या कोपऱ्यावर, हॉटेलच्या दारात, चार माणसं’ एवढं पुरे. लांब वाक्याचं भाषांतर भलतंच होतं. खूण म्हणून सेव्हन-इलेव्हन सांगू नका, ती दर दोनशे पावलांवर आहे. ड्रायव्हरने फोन केला आणि काहीच कळेना तर फोन सरळ हॉटेलच्या रखवालदाराच्या हातात द्या, अर्ध्या मिनिटात काम होतं.

गाडी आली की नंबर जुळवायचा. आपल्याकडे ड्रायव्हरला ओटीपी सांगितल्याशिवाय फेरी सुरू होत नाही; तिथे सहसा तसं नसतं. त्यामुळे चुकीच्या गाडीत बसलात तरी कोणी अडवत नाही. प्लेटवरची अक्षरं थाई असतात, ती वाचता येणार नाहीत. शेवटचे आकडे, गाडीचा मेक आणि रंग, एवढं जुळलं की बसा. अ‍ॅपमध्ये एक गाडी आणि दारात दुसरी असेल तर बसू नका, ड्रायव्हर कितीही गोड बोलला तरी.

गाडी बोलवायचीच नाही असे टप्पे

सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी साडेचार ते रात्री आठ, शुक्रवारी आणखी उशिरापर्यंत, असोक, राचाप्रसोंग, प्रातुनाम, साथोर्न हे भाग गाडीने ओलांडायचे नाहीत. पावसाची मोठी सर आली तर कोणत्याही वेळी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशी सर बऱ्याचदा संध्याकाळीच येते. तेव्हा भाडं वाढतं, गाड्या मिळत नाहीत आणि मिळाली तरी हलत नाही. चाळीस मिनिटं मॉलमध्ये काहीतरी खात बसलात तर तेच भाडं निम्म्यावर आलेलं दिसेल.

ग्रँड पॅलेस आणि वाट फोला (थाई भाषेत वाट म्हणजे मंदिर) सुखुमवितहून गाडीने जाण्यात काहीच शहाणपण नाही. असोकजवळच्या सुखुमवित स्टेशनवरून मेट्रोची निळी लाइन सरळ सनाम चायला जाते. बाहेर आलं की वाट फो चालत पाच मिनिटं. २०१९ मध्ये हे स्टेशन सुरू झालं तेव्हापासून जुन्या शहराचा रस्ता सोपा झाला आहे. मेट्रोच्या फाटकावर व्हिसा-मास्टरकार्ड थेट टेकवता येतं. मात्र एका कार्डावर एकच माणूस, आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला कॉन्टॅक्टलेस व्यवहारही चालू हवा. बीटीएसचं तिकीट वेगळं, ते स्टेशनवर घ्या. नदीतून जायची हौस असेल तर बीटीएसने सफान ताक्सिन, खाली साथोर्न धक्का, आणि नारिंगी झेंड्याची बोट.

आईला चालवत नसेल तर मधला मार्ग आहे: हॉटेलपासून स्टेशनपर्यंत गाडी, पुढे मेट्रो, उतरल्यावर पुन्हा मूव्हमी किंवा छोटी फेरी. तीन तुकडे वाटतात, पण सकाळी अखंड गाडीने जाण्यापेक्षा लवकर होतं.

ग्रँड पॅलेसमध्ये प्रवेश दुपारी साडेतीनला थांबतो आणि त्यानंतर थोड्या वेळात शेकडो माणसं एकाच दारासमोर फोन काढतात. तिथून गाडी बोलवू नका. ‘आज पॅलेस बंद आहे, वीस बाटांत चार मंदिरं दाखवतो’ म्हणणारी टुकटुकवाली मंडळी तर तिथे सकाळपासून असतातच. ती फेरी दागिन्यांच्या किंवा सुटाच्या दुकानात जाऊन थांबते. था तियेन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुणला जा, ते पाहून होईपर्यंत गर्दी ओसरते.

चायनाटाउनला संध्याकाळी जायचं तर मेट्रोने वाट मंगकोन. चतुचकच्या शनिवार-रविवारच्या बाजाराला मेट्रोचं कांफेंग फेत स्टेशन, ते थेट बाजारात उघडतं. खाओसान रोडवर रात्री गाड्या आत जात नाहीत, म्हणून परतीची पिन रस्त्यावर न टाकता बाहेरच्या चक्रबोंग्से रस्त्यावर टाका. बीटीएस आणि मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात. त्यानंतर अ‍ॅपला पर्याय नाही, आणि रस्तेही मोकळे असतात.

बिघडतं कुठे

‘फेरी रद्द करा, मला रोख द्या, स्वस्तात नेतो’ असं ड्रायव्हर म्हणाला तर नाही म्हणा. फेरी रद्द झाली की अ‍ॅपकडे नोंद राहत नाही. वस्तू विसरली, रस्ता बदलला, भांडण झालं, तर दाखवायला काहीच नाही. चॅटमध्ये ‘आणखी पन्नास’ मागणारे पावसात भेटतात. उत्तर न देता थोडं थांबा. तो आला नाही तर अ‍ॅपमध्ये ‘ड्रायव्हरने जादा पैसे मागितले’ हे कारण निवडून रद्द करा. चुकीचं कारण निवडलं तर शुल्क तुमच्यावर पडू शकतं.

फोन गाडीत राहिला तर फेरीच्या इतिहासातून लगेच ड्रायव्हरशी संपर्क करा. काही वेळाने तो मार्ग बंद होतो आणि मग मदत विभागामार्फत जावं लागतं. वस्तू आणून दिली तर परतीच्या फेरीचे पैसे द्यायची रीत आहे. टॅक्सीच्या तक्रारीसाठी भू-परिवहन विभागाचा क्रमांक १५८४, पर्यटक पोलिसांचा ११५५. दुसऱ्या क्रमांकावर इंग्रजीत बोलता येतं.

मोटारसायकलची फेरी ट्रॅफिकमध्ये सगळ्यात वेगवान. एकट्या तरुण माणसाला, छोट्या अंतरासाठी, हेल्मेट घालून ठीक आहे. पण आधी प्रवास विम्याची अट वाचा, दुचाकीवरचे अपघात काही पॉलिसींत वगळलेले असतात. उतरताना सायलेन्सरला पोटरी लागू देऊ नका.

दिवसभराची गाडी कधी ठरवायची हेही सांगतो: शहराबाहेर जाताना. अयुथया सुमारे ८० किलोमीटर, दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार सुमारे १००. जाताना अ‍ॅपवर गाडी मिळते. येताना मिळेलच असं नाही. तेव्हा येणं-जाणं आणि थांबणं धरून ठरवलेली गाडी स्वस्त पडते. पटायाला एकतर्फीच जायचं असेल तर सुवर्णभूमीच्या पहिल्या मजल्यावरून सुटणारी बस पाहा. अ‍ॅपवर लांबचं भाडं दिसतं, पण ड्रायव्हर रिकामं परत यावं लागणार म्हणून फोन करून जादा मागतो.

परतीच्या दिवशी तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी शहराच्या पूर्वेला आणि डॉन मुआंग उत्तरेला. अ‍ॅपमध्ये नुसतं ‘एअरपोर्ट’ टाकून पहिल्या नावावर बोट ठेवलं की चुकीच्या विमानतळावर उतरायची वेळ येते, आणि तिथून दुसरीकडे जायला तासभर सहज लागतो. पहाटेचं विमान असेल तर सहा जणांची गाडी आदल्या रात्री आगाऊ नोंदवा. संध्याकाळचं असेल आणि शुक्रवार असेल, तर हॉटेलमधून विमानाच्या साडेचार तास आधी निघा आणि द्रुतगती मार्गाला हो म्हणा. निघताना गाडी मिळेना किंवा पाऊस धरला, तर पेचाबुरीपर्यंत मेट्रो आणि मक्कासानहून रेल लिंक हा रस्ता उघडा असतो. बॅगा ओढाव्या लागतील, विमान चुकणार नाही.